सुमन मावशी मिलो आणायला गेली तेव्हा

दुष्काळाचं साल म्हटलं की मला आधी आवाज ऐकू येतो. तलवाड्याच्या रस्त्यावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. उन्हं वर यायच्या आत बायामाणसं हातोडे घेऊन बसायची आणि ती ठणठण उघड्या रानातून आमच्या अंगणापर्यंत यायची. मोट बंद, गोठा रिकामा, कोंबड्या विकलेल्या. घराला दुसरा आवाजच उरला नव्हता. दादा, म्हणजे माझे वडील, उरलीसुरली जनावरं घेऊन गोदावरीच्या काठाला पाहुण्यांकडं गेले होते. तिथं नदीच्या डोहात पाणी होतं आणि बांधाला थोडाफार पाला होता. घरात माय, मी, माझी दोन धाकटी भावंडं आणि सुमन मावशी एवढीच माणसं होतो.

सुमन मावशी मायची धाकटी बहीण. तिला वडवणीकडच्या एका गावात दिली होती. तिचे यजमान भगवान काका दरसाल ऊस तोडायला कारखान्यावर जायचे आणि मावशी जोडीनं जायची. त्या साली तिचं मूल पोटातच गेलं. अंगात उभं राहायची ताकद उरली नाही, म्हणून काका आपल्या भावाबरोबर गेले आणि जाताना तिला आमच्याकडं सोडून गेले. "अक्काकडं ऱ्हा, जरा आंग धर," म्हणाले. ती आली तेव्हा नुसती काडी होती. पण महिनाभरात ती अशी काही तरतरीत झाली की घराला जीव आला. ती नकला करायची. तलाठ्याची, कामावरच्या मुकादमाची, शेजारच्या म्हातारीच्या शेळीची. चुलीपुढं बसून ती शेळीसारखी मान वळवायची आणि आम्ही पोरं पोट धरून लोळायचो. तेव्हा सरकार मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी वाटायचं. तिच्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापताना कडेनं फाटायची, तव्यावर टाकली की तुकडे व्हायचे. मावशी ते तुकडे गोळा करत म्हणायची, "ही भाकर न्हाई अक्का, हा रस्त्यावरचा मुरूम हाय." सोबत तरवट्याचा पाला उकडून केलेली भाजी, नाहीतर हुलग्याचं पातळ माडगं. तेही तिच्या बोलण्यामुळं गोड लागायचं.

अंग धरल्यावर ती कामावर जायला लागली. मायला पाठीचं दुखणं होतं, तिला हातोडा झेपत नव्हता, म्हणून घराची हजेरी मावशीची. मी शाळा सुटली की तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन जायची आणि मग तिथंच पाट्या उचलत बसायची. कामावर खायला सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा खाऊ, मिळायची आणि मिलो न्यायला सोसायटीच्या गोदामावर जावं लागायचं. गोदाम गावाच्या खालच्या अंगाला, कोरड्या ओढ्याजवळ. एरवी त्यात खताची पोती असायची. सोसायटीचे सेक्रेटरी तिथंच मापं करायचे. त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं. पांढरा पायजमा, इस्त्रीचा सदरा, बोलणं मऊ. प्रत्येक बाईला ताई म्हणायचे. आजारी माणसाच्या घरी एखादं माप जास्त पाठवायचे. "देवमाणूस हाय," असं माय म्हणायची, मीही म्हणायची.

एका सकाळी, शाळेला सुट्टी होती म्हणून मीही कामावर होते, गयाबाई आली आणि हातोडा न उचलता उभीच राहिली. गयाबाई बुद्धवाड्यातली. नवरा वारलेला, दोन लेकरं. उंच, हाडापेरानं मोठी बाई. खडी फोडण्यात तिच्या जवळपास कोणी यायचं नाही. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या भाऊसाहेबानं काल गोदामात दार लावून माझ्यावर जबरदस्ती केली. मी वरडले, कुणी आलं न्हाई. समद्यांना सांगून ठिवते."

हातोडे थांबले. मुकादम हसला. म्हणाला, "गये, नाव तरी पटंल असं घ्यावं माणसानं." कोणीतरी म्हणालं, दोन मापं जास्तीची पाहिजे असतील. कोणी म्हणालं, त्यांच्यात काय, चालतंच. आणि सुमन मावशी, आमची मावशी, पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आपुन नीट ऱ्हायलं तर कोण कशाला हात लावतंय? टाळी काय एका हातानं वाजती व्हय?" बाया हसल्या. मावशीचं बोलणं असंच असायचं, बरोबर वेळेला पडायचं. गयाबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग ती आपल्या ढिगापाशी बसली आणि हातोडा मारायला लागली.  तिच्या शेजारच्या बाया आपापले ढीग घेऊन थोड्या लांब सरकल्या.

मावशीनं ते वाईट बुद्धीनं म्हटलं नव्हतं, हे मी आज लिहिते आहे ते तिची बाजू घ्यायची म्हणून नाही. तिला तेच शिकवलं होतं. मायलाही, मलाही. आमच्या घरात मुलगी वयात आली की तिला ज्या गोष्टी सांगितल्या जायच्या त्या सगळ्या तिच्याच वागण्याबद्दल असायच्या: पदर, चाल, हसणं, दिवेलागण. पुरुषाच्या वागण्याबद्दल एक अक्षर नसायचं. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसा पुरुष असतो. आपण छत्री घेऊन निघावं. हे इतकं पक्कं बसलेलं होतं की त्याला कोणी मत म्हणालं नसतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मायला ताप भरला. घरात पिठाचा डबा वाजायला लागला होता. दुपारी मावशी पोतं घेऊन निघाली. मी मायच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत बसले होते. जाताना ती उंबऱ्यावरून म्हणाली, "शके, चुलीवर आधण ठिव, आलेच मी."

आधण उकळून आटलं तरी ती आली नाही. आली तेव्हा उन्हं कलली होती. डोक्यावर मिलोचं पोतं होतं. ते तिनं कोपऱ्यात टाकलं, माझ्याकडं पाहिलं नाही, सरळ पाणी ठेवलेल्या कट्ट्यापाशी गेली आणि पिण्याच्या पाण्याची घागर उचलून मोरीत गेली. त्या घागरीसाठी पहाटे मी आणि ती लांबच्या झऱ्यावर वाटीवाटीनं पाणी भरत बसलो होतो. सबंध घराचं, दोन दिवसांचं पाणी. मला मोरीतून पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मी ओरडले, "मावशे, प्यायचं हाय ते!" ती थांबली नाही. माय तापातच उठून बसली. "डोस्कं फिरलं का गं तुझं?" म्हणत ती भिंत धरून मोरीपर्यंत गेली, आत डोकावली. तिनं मागं वळून मला म्हटलं, "शके, लेकरं घिऊन वट्यावर जा."

मी ओट्यावर गेले, पण दार लोटलेलं नव्हतं आणि मी काही लहान नव्हते. मावशीचं रडणं ऐकू येत नव्हतं. ती बोलत होती, अगदी हळू, हिशेब सांगितल्यासारखी.

"त्यानं ताई म्हणलं मला. म्हणला, ताई, आतलं पोतं कोरडं हाय, आतून घ्या. मी गेले. अक्का, मी वरडले न्हाई. कावून वरडले न्हाई मी? तोंडातून आवाजच आला न्हाई."

"गप. गप ऱ्हा."

"मागच्या खेपंला मी त्याच्या तराजूची नक्कल केलती. हसला व्हता तो. त्येच्यानंच असंल. मीच हसवलं."

"सुमे, ऐक. कुणाला बोलायचं न्हाई. भगवानरावला तर मुळीच न्हाई. बाईची अब्रू काचंचं भांडं असतंय. पोटात घाल."

"पोटात जाईना गं."

 माय म्हणाली, "जातंय. मी बी घातलंय."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं हे मायला कधी कळलं नाही असं मला वाटतं. पुष्कळ वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, एकदा धीर करून तिला विचारलं. ती सुपात डाळ पाखडत होती. तिचे हात थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि ती म्हणाली, "कंची गोष्ट? मला न्हाई आठवत." ती गेली, आणि ती गोष्ट तिच्याबरोबर गेली.

त्या दिवसापासून घरातल्या नकला थांबल्या. मावशी कामावर जाईना. माय लोकांना सांगायची, तिचं पहिलं दुखणं उलटलं. मावशी जात्याजवळ बसून राहायची आणि मध्येच मला एखादी गोष्ट विचारायची, जिचा मला तेव्हा अर्थ लागायचा नाही. "शके, मी लुगडं लग्नातलं नेसले व्हते का गं त्या दिवशी?" नव्हतं नेसलेलं; रोजचंच होतं, ठिगळाचं. तिला मी सांगितलं की तिला थोडा वेळ बरं वाटायचं, मग ती दुसरं काही शोधून काढायची. दुपारची गेले. एकटी गेले. तुला संगं न्यायला पायजे व्हतं. सगळ्यांत जास्त ती त्या पोत्यावर अडून बसली होती. "मी पोतं घिऊन आले गं. टाकून पळत आले असते तर गोष्ट येगळी. मी डोक्यावर घिऊन आले. म्हंजी मी घेतलंच की त्याच्याकडून." त्या पोत्यातल्या मिलोची भाकरी तिनं तोंडात घातली नाही. आम्ही जेवायचो, आणि ती माडगं पीत भिंतीकडं तोंड करून बसायची.

मी पुढं नर्स झाले. उभी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली, आणि असल्या बाया मला पुष्कळ भेटल्या. जखमा बांधताना मी त्यांचं बोलणं ऐकायची. मी दार लावायला विसरले. मी त्याला पाणी दिलं. मी त्याच्या गाडीवर बसले. एकेकीच्या तोंडी सगळी वाक्यं 'मी'नं सुरू व्हायची. ज्यानं केलं तो वाक्यात कुठं नसायचाच. दर वेळी मला जात्याजवळ बसलेली सुमन मावशी दिसायची. तिला त्या गोदामात जे झालं ते कोणीतरी शिकवलेल्या शब्दांतच समजून घ्यावं लागत होतं, आणि तिच्याजवळ शब्द होते ते तिनंच कामावर गयाबाईला ऐकवलेले. बाकी काही नव्हतं. त्यामुळं ती रोज स्वतःचीच पंचायत भरवायची आणि रोज स्वतःलाच दोषी धरायची.

एका दुपारी माय झऱ्यावर गेली होती. मावशी उठली, केस विंचरले आणि म्हणाली, "शके, चल माझ्यासंगं." कुठं, ते सांगितलं नाही. बुद्धवाड्याच्या वाटेला लागलो तेव्हा मी तिचा हात ओढला. आमच्या घरातलं बाईमाणूस त्या बाजूला कधी जायचं नाही. ती चालत राहिली.

गयाबाईचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याचं छप्पर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला वाळलेला हार. गयाबाई फुटलेल्या बोटाला चिंधी बांधत होती. आम्हाला बघून ती उठली नाही. मावशी दारातच उभी राहिली. गयाबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "कवा?"

"अक्काला ताप आला तवा."

"गोदामात?"

मावशीनं मान हलवली.

"आन् तुमी काय म्हणला व्हतात त्या दिशी, आठवतंय?"

"आठवतंय," मावशी म्हणाली. "रोज आठवतंय. त्येच म्हणते सवताला."

मला वाटलं गयाबाई आता म्हणेल, जाऊ द्या. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "मला लई लागलं व्हतं ते. त्यानं केलं त्याचा राग हाय मला. पण बायांनी ढीग लांब सरकवले, त्याचं लई लागलं. माझ्या लेकीला शाळंत पोरी बोलंनात. तुमी हसवलं समद्यांना, सुमनबाई."

मावशी खाली बसली. अंगणातच, धुळीत. "मी पाया पडाया आले," ती म्हणाली.

"पाया नका पडू. वर येऊन बसा." गयाबाईनं घोंगडी अंथरली. चूल पेटवली, गुळाचा कोरा चहा केला, आणि मावशीपुढं कप ठेवताना तिचा हात क्षणभर थांबला. मावशीनं कप उचलला आणि प्यायली. मलाही दिला. मी मावशीकडं बघून प्यायले.

चहा पितापिता मावशीनं तेच सगळं पुन्हा सांगितलं, पोत्यापर्यंत. मी वरडले न्हाई, असं ती तीनतीनदा म्हणत होती. गयाबाईनं तिला बोलू दिलं. मग ती म्हणाली, "मी वरडले व्हते ना. गळा फाटस्तोवर वरडले. काय झालं? लोक म्हणले, बोंबलली म्हंजी नाटक. तुमी वरडल्या न्हाईत, तर तुमी म्हणता माझी चूक. मी वरडले, तर लोक म्हणले माझी चूक. मंग त्याची चूक कंच्या रीतीनं व्हती, ते तरी सांगा मला."

मावशीनं कप खाली ठेवला.

"आन् पोतं काय त्याच्या बापाचं व्हतं? सरकारनं दिल्यालं. आपुन खडी फोडून खाल्लं. भाकर मागाया गेलं म्हंजी आंग दिलं का?"

तेव्हा मावशी रडली. मोरीत रडली नव्हती, जात्याजवळ रडली नव्हती. गयाबाईच्या घोंगडीवर बसून ती मोठ्यानं, नाक वाहीपर्यंत रडली. गयाबाईनं तिला थोपटलं वगैरे काही नाही. ती शेजारी बसून राहिली आणि बाहेर डोकावणाऱ्या पोरांना हाकलत राहिली. घरी परतताना मावशी वाटेत थांबली आणि म्हणाली, "शके, त्यानं केलं." एवढंच. जणू पहिल्यांदा उच्चार करून बघत होती.

पुढच्या वाटपाच्या दिवशी ती गोदामावर जायला निघाली, मीही मागं. मायनं दारात हात आडवा धरला. "सुमे, आता झाकलेलं हाय ते झाकलेलं ऱ्हाऊ दे. तुझा संसार मोडंल," ती रडत म्हणाली. मावशीनं तो हात हळूच खाली केला. गोदामापुढं बायांची मोठी रांग होती. भाऊसाहेब दारात तराजूपाशी, नेहमीसारखे हसतमुख. गयाबाई रांगेच्या शेवटी. मावशी रांगेत न लागता तिच्यापाशी गेली, तिच्याशेजारी उभी राहिली आणि बोलायला लागली. नकला करणाऱ्या माणसाला आवाज लांब कसा टाकायचा ते माहीत असतं.

"त्या दिशी गयाबाई खरं बोलल्या. मी त्यांना नावं ठिवली, तुमी समद्या हसला. मी आज सांगते, या माणसानं त्यांच्यावर जबरदस्ती केली. माझ्यावर बी केली. हितंच, आत."

 भाऊसाहेब म्हणाले, "ताई, उन्हानं तुमचं डोकं दुखतंय. घरी जा, मी तुमच्या अक्कांकडं माल पाठवतो." तेच मऊ बोलणं. मला आठवतं, त्या बोलण्यानं रांगेतल्या दोघीतिघींनी माना हलवल्याही, बिचारीचं मूल गेलंय, डोक्यावर परिणाम झालाय, असं काहीसं. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी, जिच्या शेळीची मावशी नक्कल करायची तीच, पुढं आली आणि तिनं आपलं रिकामं पोतं दाराबाहेर जमिनीवर आपटलं. "तराजू भाईर आण," ती म्हणाली. "आत कुणी येनार न्हाई. आमच्या सुना बी येनार न्हाईत." तिनं आणखी काही सांगितलं नाही. तिच्या मागं दुसरीनं पोतं टाकलं. मग तिसरीनं. काही बाया तशाच उभ्या राहिल्या, काही घरी निघून गेल्या. पण तराजू बाहेर आला. त्या दिवसापासून मिलो गोदामापुढच्या कडुनिंबाखाली, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं मापला जायला लागला.

यापुढं न्याय झाला असं मला लिहायला आवडलं असतं. सोसायटीचे चेअरमन आले, चौकशी करू म्हणाले, बायांना चहा पाजला. पोलिसांत जायचं नाव कोणी काढलं नाही. काढणाऱ्याला गावानं वेड्यात काढलं असतं. महिनाभरानं भाऊसाहेबांची बदली तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावी झाली आणि गावाला वाटलं प्रश्न मिटला. गयाबाई एवढंच म्हणाली, "तिकडं बाया न्हाईत का?" दादा जनावरं घेऊन परत आले तेव्हा त्यांना सगळं वाटेतच कळलं होतं. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेली," असं ते मायला म्हणाले आणि मावशीशी बोलणं बंद केलं. तिला घरातून काढलं मात्र नाही. रोज तिच्या ताटात आधी वाढलं का, एवढं ते मायला विचारायचे.

भगवान काका पाडव्याच्या आधी आले. त्यांनाही एस. टी.तून उतरल्याउतरल्या कोणीतरी सांगितलं होतं. ते ओट्यावर बसले, पाण्याला हात लावला नाही, आणि खाली बघून म्हणाले, "तू कावून गेलतीस तिथं?" मावशी म्हणाली, "मिलो आणाया. घरात पीठ नव्हतं." ते पुन्हा म्हणाले, "पण एकटी कावून गेलतीस?"  ते आल्या वाटेनं निघून गेले. माय उंबऱ्यावर कपाळ टेकून बसली. मावशी आत गेली आणि उरलेलं दळण पुरं केलं.

ती आमच्याकडंच राहिली. पुढच्या साली पीकपाणी बरं झालं, ती दादांच्या रानात राबली, गयाबाईबरोबर दुसऱ्यांच्या रानात रोजानं गेली. ती पहिल्यासारखी झाली नाही. नकला क्वचित करायची, मध्येच सोडून द्यायची. कधी महिनोन्‌महिने बरी असायची आणि मग एखाद्या दिवशी मला विचारायची, "शके, मी तवा तुला न्हेलं असतं तर?" म्हातारपणी, तिला नातवंडं झाल्यावरसुद्धा, तिनं मला हा प्रश्न फोनवर विचारला आहे. लहानपणापासून अंगात मुरवलेली गोष्ट एका घोंगडीवर बसून रडल्यानं निघून जात नाही. फरक इतकाच पडला होता की आता तिच्याजवळ दुसरं उत्तरही होतं, आणि बहुतेक वेळा ते उत्तर ती स्वतःच द्यायची.

ज्वारीची काढणी उरकली होती तेव्हा काका परत आले. या वेळी ओट्यावर बसले नाहीत, अंगणात उभे राहिले. मावशी कणसं बडवत होती. तिनं काठी खाली ठेवली नाही.

"कावून आलात?" तिनं विचारलं.

"न्यायाला."

"मी कावून गेलते, ते परत इचारनार का?"

काकांनी पायानं पालापाचोळा बाजूला सारला. "न्हाई," ते म्हणाले. "मला झोप न्हाई साल झालं. मी इचारलं ते माझ्याच कानात वाजतंय."

"इचारायचं तर इचारा," मावशी म्हणाली. "पर आधी त्यानं कावून केलं ते इचारा. त्याला. मग माझ्याकडं या."

ते गेले नाहीत. दोन दिवस आमच्याकडं राहिले, दादांबरोबर कडब्याच्या पेंढ्या बांधल्या. तिसऱ्या दिवशी मावशी आपलं गाठोडं बांधून तयार झाली. मायनं तिची ओटी भरली आणि निम्मे तांदूळ खाली सांडले.

एस. टी.च्या थांब्यावर मी आणि माय सोडायला गेलो. पारावर गावातली रिकामी माणसं बसलेली होती आणि सगळ्यांची नजर आमच्यावर होती. गाडीला वेळ होता. तेवढ्यात बुद्धवाड्याकडून गयाबाई भराभर येताना दिसली. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. नव्या ज्वारीच्या, पांढऱ्या, पदर सुटलेल्या, आणि वर लसणाच्या चटणीचा गोळा. "वाटंला व्हतील," ती म्हणाली आणि थांबली, कारण काका तिथं होते आणि पार सगळा बघत होता. मावशीनं फडकं घेतलं, गाठोड्यात टाकलं नाही. ती थांब्याच्या दगडावर बसली, फडकं मांडीवर सोडलं, एक भाकर मोडली, चटणी लावली आणि खायला लागली. तोंडात घास असतानाच तिनं दुसरा अर्धा तुकडा काकांपुढं धरला.

माय जमिनीकडं बघत होती. पारावरचं बोलणं थांबलं. काकांनी तुकड्याकडं पाहिलं, मग गयाबाईकडं, मग पाराकडं. मग ते मावशीशेजारी दगडावर टेकले, तुकडा घेतला आणि खाल्ला. चावून गिळला, हातानं मिशा पुसल्या आणि गयाबाईला म्हणाले, "कांदा न्हाई आणला का, बाई?"

गयाबाई हसली. मी तिला हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "पळत गेले तरी गाडी चुकंल तुमची," ती म्हणाली, आणि तरीही वळून घराकडं पळाली.